फुलोऱ्यापाशी अडलेला कायदा

भाड्याने घेतलेला फ्लॅट, खिडक्यांना आतून लावलेले काळे कागद, छताला टांगलेले दिवे, भिंतीलगत पंखे आणि कुंड्यांची रांग. मुंबई महानगर परिसर आणि गोवा येथील पोलिस कारवाईच्या बातम्यांत गेल्या काही वर्षांत हे चित्र अधूनमधून दिसू लागले आहे. गांजा म्हटला की धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातली चोरटी शेती किंवा आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून येणारी पोती एवढेच ज्याच्या डोळ्यांसमोर येते, त्या वाचकाला ही बंद खोली नवी आहे. शहरातला शिकलेला तरुण संगणकावरून माहिती जमवतो, कुठून तरी बी मिळवतो, रोप फुलोऱ्यापर्यंत नेतो आणि एके दिवशी दारावर थाप पडते. बातमीच्या शेवटी 'एनडीपीएस' कायद्यान्वये गुन्हा दाखल झाल्याची ओळ असते. त्या ओळीच्या पुढे काय होते, हे सहसा कोणी छापत नाही.

पुढे जे होते त्यात एक विसंगती दडलेली आहे. वीस-पंचवीस कुंड्यांचा व्यवसाय थाटणारा आणि गच्चीवरच्या तुळशीशेजारी एकच रोप लावणारा, हे दोघेही कायद्याच्या एकाच कलमाखाली येतात. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की बाजारातून किलोभर गांजा विकत आणणारा माणूस या दुसऱ्या माणसापेक्षा कितीतरी सौम्य शिक्षेस पात्र ठरतो. घरगुती लागवडीला जगातील अनेक देशांनी गेल्या दहा-बारा वर्षांत मुभा दिली. ती भारताने द्यावी की नाही, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु मुभा न देतासुद्धा शिक्षेचे माप नीट असावे लागते. ते आपल्याकडे नीट नाही.

या मापाचा सगळा घोळ फुलाशी निगडित आहे. गांजाचे झाड एकच असले, तरी त्याच्या कोणत्या भागाला काय म्हणायचे याचे आपल्या परंपरेत पक्के संकेत आहेत. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि त्यावरील राळेचा तो चरस. नर आणि मादी रोपे वेगळी असतात. मादी फुलांवर पराग पडून बी धरले, की राळ कमी होते. म्हणूनच ब्रिटिश काळात बंगालमधील नौगाव परिसरात, जो आज बांगलादेशात आहे, नर रोपे फुलण्याआधीच हेरून उपटणारा जाणकार माणूस शेतकरी मोबदला देऊन बोलावत. त्याला तिकडे पोद्दार म्हणत. दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलते. घरातल्या दिव्यांचा खटाटोप त्यासाठीच असतो. कोवळ्या रोपात नशेचे द्रव्य फारसे नसते. जे काही मोलाचे आणि जे काही धोक्याचे, ते शेवटच्या काही आठवड्यांत फुलोऱ्यात साठते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या लांबलचक नावाच्या कायद्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांची सोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. हे शब्द मूळचे १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातले. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने या वगळण्याच्या आधारावरच चालतात. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचा अंमल आहे, तो भाग वेगळा. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना हीच व्याख्या समोर ठेवली होती. जप्त केलेल्या मालात शेंडे किती आणि नुसती पाने-बिया किती, हे न पाहता सगळ्याचे एकत्र वजन करून त्याला गांजा म्हणता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता.

म्हणजे गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात फूल हा निर्णायक मुद्दा आहे. लागवडीच्या गुन्ह्यात मात्र फुलाला काडीचीही किंमत नाही. कलम ८ नुसार गांजाचे कोणतेही झाड लावण्यास मनाई आहे आणि 'झाड' या शब्दाची व्याख्या त्या प्रजातीचे कोणतेही झाड एवढीच आहे. नर असो की मादी, चार पानांचे असो की फुलांनी लगडलेले, एक असो की हजार.

किलो आणि कुंडी

आता शिक्षांकडे पाहावे. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मात्रेनुसार शिक्षा ठरवण्याची पद्धत आली. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा 'अल्प', वीस किलोपासून पुढची 'व्यावसायिक' आणि मधली ती मधली. अल्प मात्रा बाळगणाऱ्यास सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. मात्रांच्या आकड्यांबद्दल मतभेद असू शकतात. परंतु पायऱ्या आहेत आणि चढत्या आहेत.

लागवडीच्या बाबतीत पायरीच नाही. कलम २० च्या पहिल्याच खंडात झाड लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. किमान शिक्षा नाही, हे खरे. न्यायाधीशाला वाटल्यास तो थोडक्यात सोडवू शकतो. पण गुन्ह्याचे वजन कमाल शिक्षेवर ठरते आणि त्यावर पुढची सगळी वाट अवलंबून असते. तीन वर्षांहून अधिक शिक्षेचे या कायद्याखालील गुन्हे विशेष न्यायालयापुढेच चालतात. त्यामुळे नऊशे ग्रॅम गांजासह सापडलेला माणूस दंडाधिकाऱ्यापुढे जातो, त्याचा खटला संक्षिप्त पद्धतीनेही चालू शकतो. आणि कुंडीतल्या वीतभर रोपाचा मालक विशेष न्यायालयाची पायरी चढतो. त्या रोपाला फुले आली असती, तर त्यातून निघालेला गांजा पावकिलोही भरला नसता, हा युक्तिवाद शिक्षा कमी करण्यासाठी करता येतो, कलम बदलून घेण्यासाठी नाही.

व्यसनमुक्तीच्या वाटेवर हा फरक अधिक बोचतो. या कायद्यात उपचारासाठी दोन दरवाजे ठेवले आहेत. कलम ३९ न्यायालयाला व्यसनी आरोपीस तुरुंगाऐवजी उपचारास पाठवू देते आणि कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासूनच संरक्षण देते. दोन्ही कलमांची अट सारखीच आहे: गुन्हा सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा असावा. लागवडीला अल्प मात्राच नसल्यामुळे, स्वतःच्या व्यसनासाठी घरी रोप लावणाऱ्याला हे दोन्ही दरवाजे बंद आहेत. नाक्यावरच्या विक्रेत्याकडून पुडी घेणाऱ्याला ते उघडे आहेत. विक्रेत्याच्या साखळीला पैसा पुरवणारा ग्राहक सौम्य गुन्हेगार आणि त्या साखळीबाहेर राहिलेला गंभीर गुन्हेगार, असा याचा अर्थ होतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात असे काही असेल, असे मानणे कठीण आहे.

मग हे आले कुठून? १९८५ च्या मूळ कायद्यात गांजा बाळगणे आणि झाड लावणे यांना एकच शिक्षा होती: पाच वर्षांपर्यंत कैद.  ही सरसकट कठोरता व्यसनी माणसाला आणि तस्कराला एकाच मापाने मोजते, अशी टीका होत राहिली. २००१ ची दुरुस्ती हा अन्याय दूर करण्यासाठीच आणली गेली. बाळगण्याची शिक्षा तीन तुकड्यांत विभागली गेली आणि खालचा तुकडा हलका झाला. लागवड मात्र वेगळी काढून तिची शिक्षा पाचावरून दहा वर्षांवर नेली गेली. उत्पादन हे मूळ आहे, तेच छाटले पाहिजे, हा त्यामागचा विचार असणार. एकरभर शेताच्या बाबतीत तो चुकीचा नाही. पण शेत आणि कुंडी यांत रेघ ओढण्याचे राहून गेले. शिक्षा सुसंगत करण्यासाठी झालेल्या दुरुस्तीतच ही विसंगती जन्माला आली आणि दोन दशकांहून अधिक काळ ती तशीच आहे.

न्यायालयांनी आपल्या परीने वाट काढली आहे. शेतात गांजाची काही झाडे आढळली म्हणून उत्तर प्रदेशातील एका शेतकऱ्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने सुमारे दोन दशकांपूर्वी रद्द केली. झाड आपोआपही उगवू शकते. ते आरोपीने लावले, जोपासले, हे सिद्ध व्हायला हवे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हिमालयाच्या पायथ्याशी, जिथे हे झाड रस्त्याच्या कडेला तणासारखे माजते, तिथे हा बचाव मोलाचा आहे. डोंबिवलीच्या किंवा म्हापशाच्या फ्लॅटमध्ये दिव्याखाली वाढणारे रोप वाऱ्याने आलेल्या बीजातून उगवले, असे कोणता वकील म्हणणार?

मोजायचे काय?

ज्या देशांनी घरगुती लागवडीला मुभा दिली, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच उभा राहिला, की मोजायचे काय: रोपे, फुले की ग्रॅम? त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि त्यांतल्या चुकाही बोधप्रद आहेत.

उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये सर्वांत आधी देशव्यापी कायदा केला. घरटी सहा रोपे आणि वर्षाला ४८० ग्रॅम, असे दुहेरी माप तेथे आहे; शिवाय सरकारदरबारी नोंदणी. त्या कायद्यातही नशेचा पदार्थ म्हणजे मादी झाडाचे फुललेले शेंडे, अशीच व्याख्या आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०१२ च्या जनमतकौलात माणशी सहा रोपे मान्य केली, पण त्यांपैकी फुलोऱ्यात तीनच असावीत अशी अट घातली. एका वेळी तीन रोपे फुलणार आणि तीन वाढणार, हे बागकामाचे वास्तव कायद्याने ओळखले. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार रोपांना परवानगी दिली. माणशी नव्हे, घरटी. कळ्या वा फुले आलेले रोप सार्वजनिक जागी बाळगणे मात्र तिथे गुन्हा आहे. तरीही क्यूबेक प्रांताने आपल्या हद्दीत घरगुती लागवड पूर्ण बंदच ठेवली आणि एप्रिल २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रांताचा तो अधिकार उचलून धरला.

जर्मनीचे उदाहरण अधिक तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण युरोपातील सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेने हे पाऊल उचलले आणि ते जर्मन काटेकोरपणाने उचलले. १ एप्रिल २०२४ पासून तेथे प्रौढ व्यक्तीस एका वेळी तीन रोपे लावता येतात. घरात ५० ग्रॅम आणि बाहेर २५ ग्रॅम सुका माल ठेवता येतो. रोपांपर्यंत मुलांचा हात पोहोचणार नाही अशी व्यवस्था करावी लागते आणि घरचा माल कोणालाही, अगदी फुकटसुद्धा, देता येत नाही. कागदावर हे नेटके दिसते. पण रोपे मोजणारा नियम आणि ग्रॅम मोजणारा नियम यांची गाठ कापणीच्या दिवशी पडते. चांगली वाढलेली तीन रोपे ५० ग्रॅमहून पुष्कळ अधिक फुलोरा सहज देतात. देता येत नाही, विकता येत नाही, ठेवता येत नाही. मग उरलेला माल नष्ट करणे एवढेच त्या प्रामाणिक नागरिकाच्या हाती राहते. किती जण तसे करत असतील, हा प्रश्न जर्मनीतही विचारला गेला. मे २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीतील मोठ्या पक्षाचा या कायद्याला पहिल्यापासून विरोध होता. तरीही आघाडीने तो लगोलग रद्द न करता त्याचे मूल्यमापन करण्याचे ठरवले. कायदा करून त्याचा परिणाम मोजायचा आणि मग बोलायचे, ही रीत आपल्याकडे क्वचितच दिसते.

अमेरिकेतील न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. तिथले उदाहरण अगदी उलट टोकाचे. २०२२ साली प्रौढांसाठी गांजाची दुकाने उघडली, तेव्हाही घरी एकही रोप लावणे हा तुरुंगवासाचा गुन्हाच ठेवण्यात आला. परवानाधारक कंपन्यांचा धंदा आणि राज्याचा कर यांना घरची कुंडी आड येते, अशी टीका त्यावर झाली. म्हणजे मुभा देणारे सरकारही दर वेळी नागरिकाच्या स्वातंत्र्यापोटीच मुभा देते असे नाही. अमेरिकेतील स्थलांतरितांना आणखी एक पथ्य पाळावे लागते. राज्याने काहीही मान्य केले तरी संघराज्याच्या कायद्याने गांजा निषिद्धच मानला आणि नागरिकत्वाच्या अर्जदाराने गांजाशी संबंध ठेवल्यास त्याच्या 'सद्वर्तना'ला बाधा येऊ शकते, असे तेथील स्थलांतर विभागाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. शेजाऱ्याच्या परसात जे कायदेशीर, ते व्हिसावरच्या माणसाच्या परसात त्याचे भवितव्य बिघडवू शकते.

थायलंडची कथा सर्वांत वेगवान आणि सर्वांत जवळची. जून २०२२ मध्ये त्या देशाने गांजाचे झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढले. सरकारने दहा लाख रोपे फुकट वाटण्याचा कार्यक्रम आखला. घरी रोप लावणाऱ्याने मोबाइलवर नोंद करायची, एवढीच अट. त्या नोंदणीच्या व्यवस्थेच्या नावातला 'गांजा' हा शब्द आपलाच. पण झाड मोकळे केले तेव्हा ते वापरण्याचे नियम सांगणारा स्वतंत्र कायदा तयार नव्हता आणि तो संसदेत अडकून पडला. या पोकळीत बँकॉकच्या रस्तोरस्ती दुकाने उभी राहिली. शेवटी जून २०२५ मध्ये सरकारने आदेश काढून गांजाचा फुलोरा नियंत्रित वनस्पती म्हणून घोषित केला आणि वैद्यकीय चिठ्ठीशिवाय त्याच्या विक्रीला मनाई केली. पाने नव्हे, खोड नव्हे, फुलोरा. तीन वर्षांच्या गोंधळानंतर तिथला कायदाही फुलापाशीच येऊन थांबला.

याचा मुंबईशी थेट संबंध आहे. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांच्या सामानात दडवलेला 'हायड्रोपोनिक' गांजा, म्हणजे मातीविना खतपाण्यावर, दिव्याखाली वाढवलेल्या रोपांचा फुलोरा, मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २०२४ आणि २०२५ मध्ये वारंवार पकडला. त्याची किंमत किलोमागे कोटी रुपयांच्या घरात धरली जाते. रानातल्या गांजाचा आणि या मालाचा भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतरच शहरातल्या बंद खोल्यांमागचे अर्थकारण आहे. आयात केलेला माल इतका महाग असेल तर तो इथेच का पिकवू नये, असा हिशेब कोणीतरी करणारच. अशा खोल्यांवर कठोर कारवाई व्हायला हवी, यात शंका नाही. पण त्याच कारणासाठी त्या खोलीतला धंदा आणि गच्चीतले एक रोप यांत कायद्याने फरक करायला हवा. पोलिसांचा वेळ आणि विशेष न्यायालयांची क्षमता अमर्याद नाही.

उंबरठ्याच्या आत

घरगुती लागवडीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत बळकट युक्तिवाद आरोग्याचा नाही की महसुलाचा नाही. तो खासगीपणाचा आहे. अमेरिकेतील अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच प्रौढ माणसाने घरात स्वतःपुरता गांजा बाळगणे हा त्याच्या खासगीपणाचा भाग मानला होता. १८ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठाने एकमताने तोच मार्ग धरला आणि खासगी जागेत स्वतःसाठी गांजा लावणे, बाळगणे व सेवन करणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. किती रोपे म्हणजे 'स्वतःसाठी', हे न्यायालयाने सांगितले नाही. ते काम संसदेवर सोपवून तिला दोन वर्षे दिली. संसदेला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागला. राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली ती २८ मे २०२४ रोजी, आणि त्या कायद्यानेही नेमके आकडे ठरवण्याचे काम पुढे नियमांवर ढकलले. तत्त्व सांगणे सोपे असते, माप ठरवताना सगळ्यांचेच हात थरथरतात.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्याआधी मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदी कायद्यातील, राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम खासगीपणाच्याच आधारे रद्द केले होते. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. या निकालांचा धागा धरून उद्या कोणी कुंडीतल्या रोपासाठी न्यायालयात गेले, तर आश्चर्य वाटू नये. मात्र तिथे यश सोपे नाही. आपली राज्यघटना मार्गदर्शक तत्त्वांत मादक पेये आणि आरोग्यास घातक द्रव्यांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे सांगते. शिवाय एकाला एक लागून भिंती असलेल्या आपल्या इमारतींत 'घराच्या आत' ही कल्पनाच पातळ आहे. फुलोऱ्याचा उग्र दर्प दाराच्या फटीतून जिन्यात उतरतो. तीन खोल्यांत तीन पिढ्या राहतात तिथे मुलांपासून दूर ठेवलेली, कुलूपबंद कुंडी ठेवायची कुठे? जर्मनीतल्या घराचे गणित गिरगावातल्या किंवा पिंपरीतल्या घराला जसेच्या तसे लावता येणार नाही.

हानीचा प्रश्नही झटकून टाकण्यासारखा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती. त्यांत भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. यांपैकी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. घरात दिव्याखाली वाढवल्या जाणाऱ्या संकरित वाणांचा फुलोरा जुन्या देशी गांजापेक्षा कितीतरी तीव्र असतो. कोवळ्या वयात, नियमित आणि तीव्र सेवन करणाऱ्यांत गंभीर मनोविकारांचा धोका वाढतो, हे मानसोपचारतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. 'ही तर शंकराची बुटी' म्हणून खांदे उडवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा चौकशी आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन माफक सेवनाचे दुष्परिणाम नगण्य असल्याचा निष्कर्ष काढला होता. बंदीचे समर्थक त्याकडे पाठ फिरवतात आणि मुभेचे समर्थक तो आजही मंत्रासारखा म्हणतात. पण त्या आयोगानेसुद्धा मोकळी लागवड सुचवली नव्हती. परवाना आणि कर हाच त्याचा मार्ग होता, आणि त्याच्यापुढचा गांजा आजच्या बंद खोलीतला नव्हता.

तेव्हा रोप लावू द्या, असे म्हणण्याची वेळ आली आहे असे नाही. प्रश्न त्याहून लहान आणि म्हणूनच सुटण्याजोगा आहे. राज्यांच्या पातळीवर जी हालचाल झाली, ती सगळी शेतीची आहे. उत्तराखंडने ०.३ टक्क्यांहून कमी 'टीएचसी' असलेल्या वाणांना धाग्यासाठी परवाने दिले. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औद्योगिक व औषधी लागवडीच्या बाजूने ठराव केला. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीच्या प्रस्तावाला विधी खात्याने तपासून हिरवा कंदील दाखवल्याची बातमी फुटली, गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांनी माघार घेतली. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये, कोणत्याच पिकाला भाव नाही तेव्हा गांजा लावण्याची परवानगी द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. त्यात उपरोध किती आणि हतबलता किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. या सर्व चर्चेत शहरातल्या कुंडीचा विषय कोणीच काढत नाही. काढणाऱ्यावर व्यसनाचा कैवारी असा शिक्का बसण्याची भीती असते.

खरे तर दुरुस्ती एका खंडाची आहे. बाळगण्याच्या गुन्ह्याला जशा मात्रा आहेत, तशा लागवडीला रोपांच्या संख्येच्या पायऱ्या ठरवायच्या. खालच्या पायरीला एक वर्षापर्यंतची शिक्षा आणि उपचाराचे दोन्ही दरवाजे उघडे. वरच्या पायरीला आजच्यासारखी दहा वर्षे, हवी तर त्याहून अधिक. गुन्हा गुन्हाच राहील. आंतरराष्ट्रीय करारांचा भंग होणार नाही, कारण गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार शिक्षा ठरवण्यास ते करार आडकाठी करत नाहीत. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक आयोगात गांजा सर्वांत कडक परिशिष्टातून काढण्याच्या बाजूने २७ मते पडली, विरुद्ध २५. भारताचे मत त्या २७ मध्ये होते. व्हिएन्नात जे करता आले, त्यापेक्षा हे काम छोटे आहे.

अडचण एवढीच की हे अधिसूचनेने होणारे नाही. अल्प मात्रा किती ग्रॅमची, हे केंद्र सरकार राजपत्रात छापून ठरवू शकते. मोजमापच नसलेल्या खंडात मोजमाप घालायचे, तर संसदेत विधेयक आणावे लागेल. ते येईपर्यंत पंचनाम्यात रोपाची उंची लिहिली जाईल, कुंडीचा रंग लिहिला जाईल, पानांचे वजनही लिहिले जाईल. रोपाला फूल आले होते की नाही, ही नोंद असली काय नि नसली काय, खटला विशेष न्यायालयातच जाईल.